पितळेच्या शिट्ट्या

संत्र्यांच्या बागेलगतच्या कामगारवस्तीत मूल जन्माला आलं की आधी ते कुणावर गेलंय याची चर्चा व्हायची, आणि ती मिटायच्या आत दुसरी सुरू व्हायची: शिट्टीआजोबा याच्यासाठी शिट्टी कधी करणार? पत्र्याच्या खोल्यांची लांबलचक रांग, टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ, नळापलीकडे बालवाडी आणि बालवाडीपलीकडे बाग. एवढ्या जगात गळ्यात पितळेची शिट्टी नसलेलं पोर सापडणं मुश्कील. सापडलंच तर खुशाल समजावं की ते कालच इथं राहायला आलंय.

आजोबांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, आणि ते ऐकून आजोबा स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायचे. कामाने ते फवारणीवाले. पाठीवर औषधाची टाकी, डाव्या हाताने दांडा मारायचा, उजव्या हातात नळी, आणि नळीच्या टोकाला पितळेचं चिमुकलं नोझल. सगळी कमाल त्या नोझलची. त्याचं भोक इतकं बारीक की टाकीतलं औषध धुक्यासारखं होऊन पानांवर बसायचं. पण त्यात कचऱ्याचा कण अडकला की फवारा तुटायचा. नवे लोक मग तारेने टोचत बसायचे आणि भोक वाकडं करून ठेवायचे. आजोबा तसलं काही करत नसत. ते नोझल काढायचे, ओठांत धरायचे, गाल फुगवून एक दणदणीत फुंकर मारायचे, की काम फत्ते! तोंड कडू व्हायचं, मग ते पचकन थुंकायचे आणि पुढच्या झाडाकडे वळायचे. या फुंकरीचा त्यांना भारी अभिमान होता. तरण्या गड्यांना ते ती मुद्दाम करून दाखवायचे.

अशाच एका फुंकरीत शिट्टीचा जन्म झाला. झिजून भोक मोठं झालेलं एक नोझल ते फेकून देण्याआधी सवयीने फुंकायला गेले, तर त्यातून अशी काही सुरेल शीळ निघाली की झाडावरचे दोन पक्षी उडून गेले आणि एक परत आला. आजोबा खूश. त्यांनी घरी येऊन नोझलला कानशीने खाच पाडली, आत लाकडाची खुंटी बसवली, राखेने घासून सोन्यासारखं लखलखीत केलं आणि लाल दोऱ्यात ओवलं. त्या दिवसापासून बाद झालेलं एकही नोझल भंगारात गेलं नाही. आपल्या मुलाला करून झाली, शेजारच्यांना झाल्या, मग त्या मुलांच्या मुलांना. माणसाचं मोठेपण मोजायची ज्याची त्याची पट्टी असते. आजोबांची पट्टी म्हणजे संध्याकाळी वस्तीतून चालताना मागे किती शिट्ट्या वाजतात ती.

आणि सगळ्यात सुंदर शिट्टी वाजवायची त्यांची नात, भिंगरी.

भिंगरी हे तिचं आजीने ठेवलेलं नाव, कारण पोर एका जागी ठरत नसे. धावायची, आपटायची, उठून पुन्हा धावायची. तिसरं वर्ष सरत आलं होतं, पण बोलायचं म्हणाल तर नाव नको. तिला लागत काय होतं बोलायला? आखूड शिट्टी म्हणजे पाणी, लांब शिट्टी म्हणजे उचलून घे, तुटक-तुटक म्हणजे कुणीतरी मला त्रास देतंय, लवकर या. घरात सगळ्यांना ही भाषा पाठ. मुलगा मालट्रकवर, आठवड्यातून एखादा दिवस घरी यायचा, पण त्यानेही ती तत्परतेने शिकून घेतली होती. सून फळं निवडण्याच्या शेडमध्ये कामाला होती. ती एकदा घाबरत घाबरत म्हणाली, "हिच्या वयाची पोरं चुरूचुरू बोलतात हो." त्यावर आजोबा हसले. "अगं, बोलणारी पोरं घरोघरी आहेत. अशी वाजवणारी दाखव एक!" आजीने मात्र तेव्हाही नाक मुरडलं होतं. पण आजी रोज एवढ्या गोष्टींना नाक मुरडायची की हे मुरडणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मग बालवाडीत नव्या बाई आल्या.

तरुण, चष्मेवाल्या, उत्साहाने नुसत्या उतू जाणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कानांचं भुस्कट झालं, तरी त्या तोंडभर हसून म्हणाल्या, "किती गोड शिट्ट्या आहेत! कोण करतं?" हे आजोबांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी स्वच्छ दाढी करून ते बालवाडीच्या दारात हजर. बाईंसाठी खास निळ्या दोऱ्यातली शिट्टी आणली होती. बाईंनी ती कौतुकाने उलटसुलट पाहिली, ओठांना लावली आणि जोरात वाजवली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"काय आवाज आहे हो आजोबा! कशाची केलीत?"

"नोझलची, बाई. औषधाच्या पंपाचं नोझल. झिजलं की मी टाकत नाही."

बाईंनी शिट्टी तोंडातून हळूच काढली. "औषध म्हणजे... फवारणीचं?"

"तर! तीन-तीन हंगाम वापरलेलं असतं. पक्का माल."

पुढे जे झालं ते वस्तीत कित्येक महिने सांगितलं गेलं. बाई नळाकडे अशा धावल्या की त्यांची एक चप्पल बालवाडीत आणि दुसरी वाटेत राहिली. त्यांनी चुळा भरल्या, साबणाने ओठ धुतले, जीभ पदराने पुसली, परत चुळा भरल्या. आजोबा चप्पल हातात घेऊन शेजारी उभे. त्यांना वाटलं, बाईंना पितळेची चव आवडली नसावी.

"पुढची राखेने जास्त घासून देतो," ते नम्रपणे म्हणाले.

बाई ओल्या तोंडाने त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागवावं की रडावं हे त्यांना ठरवता येईना. मग त्या नळाच्या कट्ट्यावर बसल्या, आजोबांनाही बसवलं आणि समजावून सांगितलं, की विष घासून चकचकीत होतं, जात नाही. खाचेत राहतं, खुंटीत मुरतं, आणि पोरं ते दिवसभर चोखतात. मोठ्यांनाही ते बरं नव्हे, तुम्हीही तोंडाने फुंकू नका. पण ज्यांचं अजून सगळं घडतंय त्यांना तर मुळीच नको.

आजोबांना राग आला. आयुष्यभराचं कौतुक कुणी असं नळावर धुऊन टाकलं तर कुणालाही येईल. "बाई, अख्खी वस्ती वाजवत मोठी झाली," ते उठता उठता म्हणाले. "कुणाचं काही वाकडं झालं नाही."

मग बाई एकदम वेगळंच बोलल्या. "आजोबा, तुमची भिंगरी माझ्याकडे ठोकळ्यावर ठोकळा रचू शकत नाही. हात थरथरतो तिचा. आणि ती मला एक शब्द बोललेली नाही. तिला एकदा डॉक्टरांना दाखवा."

थरथरणारा हात आजोबांनीही पाहिला होता. पाण्याचा पेला सांडायची तेव्हा ते म्हणायचे, घाई फार पोरीला.

डॉक्टरीणबाईंकडे सगळं घरच लोटलं. त्यांनी भिंगरीला तपासलं, तिच्याशी खेळल्या, आणि मग तिला सोडून मोठ्यांचीच उलटतपासणी सुरू केली. पंप कुठे ठेवता? पलंगाखाली. फवारणीचे कपडे? हिच्या झबल्यांबरोबर, एकाच बादलीत. कामावरून आलात की पहिलं काय करता? आजोबा अभिमानाने सांगायला गेले, "हिला उचलतो," आणि वाक्य अर्धं झाल्यावर स्वतःच्या हातांकडे बघू लागले.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिचं बोलणं यामुळेच मागे पडलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. काही मुलं उशिराच बोलतात. पण ही औषधं किडे मारतात ती त्यांच्या मज्जातंतूंवर जाऊन. आपल्याही अंगात मज्जातंतूच आहेत, आणि हिच्या डोक्यात तर अजून बांधकाम चालू आहे. आधी हे सगळं तिच्यापासून लांब करा. शिट्टी बंद, आणि शिट्टीला उत्तर देणंही बंद. तिच्याशी भरपूर बोला. वय लहान आहे, भरून निघायला पुष्कळ वाव आहे."

परतताना गाडीत भिंगरी आजोबांच्या मांडीवर बसून शिट्टी वाजवत होती. लांब, उचलून घे म्हणणारी. मांडीवर असूनही ती उचलून घे म्हणत होती, आणि या खेपेला काय करावं हे आजोबांना सुचेना. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पण माणूस पडून राहणाऱ्यांतला नव्हता. दुसऱ्या दिवशी पंप बागेच्या कडेच्या शेडमध्ये गेला. फवारणीच्या कपड्यांना बाहेर वेगळी खुंटी आणि वेगळी बादली मिळाली. आजीने बादलीवर अशी नजर ठेवली की तिच्याकडे बघायचीही कुणाची छाती होईना. आणि संध्याकाळी वस्तीला एक फुकटचा तमाशा मिळू लागला: भिंगरी हात पसरून धावतेय आणि पुढे आजोबा दोन्ही हात वर करून, "शिवू नकोस, शिवू नकोस!" ओरडत न्हाणीघराकडे पळताहेत. लोक दारात खुर्च्या टाकून बसायचे. आजोबा आंघोळ करून, केस विंचरून बाहेर आले की मग नातीला उचलायचे, आणि ती त्यांच्या कानापाशी हुंगून जरा विचारात पडायची.

राहिल्या शिट्ट्या. त्या ज्याने वाटल्या त्यानेच गोळा करायच्या, हे आजोबांनी न सांगता मान्य केलं. हातात झाकणाचा डबा घेऊन ते रांगेतल्या पहिल्या खोलीपासून निघाले.

दिलेली वस्तू परत मागायला जाणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पोरांनी गळे काढले. एकीने शिट्टी मुठीत धरून थेट पाण्याच्या पिंपामागे दडी मारली. आया आधी हसल्या, मग ऐकल्यावर त्यांचे चेहरे उतरले, आणि आजोबांना तो उतरलेला चेहरा दर दारात नव्याने बघावा लागला. कुणीतरी फाडकन बोललंही. आजोबांनी ऐकून घेतलं. सगळ्यात ताणून धरलं ते ट्रॅक्टरवाल्याने.

"काहीतरीच काय आजोबा! मी तुमचीच शिट्टी चोखत वाढलो. मला काय झालं?"

आजोबांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "तुझी वाढ झाली ती झाली. तुझ्या डोक्यात आता भर पडायची आशा नाही. तुझ्या पोराचं अजून भरतंय. भरत्या भांड्यात कुणी घाण टाकतं का?"

ट्रॅक्टरवाल्याची बायको आत खो खो हसत सुटली आणि तिनेच पोराच्या गळ्यातली शिट्टी काढून डब्यात टाकली. हा संवाद आजोबांना इतका आवडला की पुढच्या प्रत्येक दारात त्यांनी तो सांगितला.

बदल्यात आजोबांनी वेळूच्या शिट्ट्या करायला घेतल्या. पण पितळ ज्या हाताचं ऐकायचं त्याचं वेळू ऐकेना. पहिली वाजलीच नाही. दुसरी वाजली, पण म्हाताऱ्या शेळीला खोकला झाल्यासारखी. आजी पदर तोंडात कोंबून हसली. आजोबा ती चुलीत टाकणार तेवढ्यात शेजारच्या पोराने ती वाजवून पाहिली आणि हसून हसून जमिनीवर लोळायचंच बाकी ठेवलं. त्यानंतर प्रत्येकाला तशीच हवी! संध्याकाळच्या मंजुळ शिट्ट्या गेल्या आणि वस्तीभर शेळ्या खोकू लागल्या. बालवाडीच्या बाईंनी कानात कापूस घातला, पण तक्रार केली नाही.

सगळ्यांच्या शिट्ट्या परत आल्या. एकच आली नाही, आणि ती आजोबांच्या घरातली.

भिंगरीने डबा पाहिला त्याच दिवशी शिट्टी गायब केली. आजीने पिठाचा डबा चाळला, सुनेने गादी उसवून शिवली, आजोबा पलंगाखाली जाऊन अडकले आणि त्यांना पाय धरून ओढावं लागलं. शिट्टी काही मिळेना. आणि घर जरा शांत झालं की कुठूनतरी, दाराआडून किंवा मोरीतून, हळूच शीळ यायची. सगळे धावत जावेत, तर भिंगरी दोन्ही रिकामे हात दाखवून उभी.

शिट्टीला उत्तर द्यायचं नाही हे मात्र सगळ्यांनी पाळलं. काळीज दगडाचं करून पाळलं. पाण्याची शिट्टी आली की आजी म्हणायची, "काय हवं राणी? पाणी? म्हण, पाणी." पोर पाय आपटायची, भिंतीकडे तोंड करून बसायची. मग एके दुपारी तहान हट्टाच्या वर गेली आणि ती कशीबशी म्हणाली, "पा." आजीने तांब्याभर पाणी आणलं, पेलाभर सांडलं आणि उरलेलं दोघी मिळून प्यायल्या. पुढे "दे" आला, "नको" आला. "नको" तर इतका खणखणीत की सुनेला वाटलं, सासूबाईंवर गेली. पण एका वेळी एकच शब्द. बाई म्हणाल्या, शब्दाला शब्द जोडू लागली की मी निर्धास्त झाले असं समजा.

आणि या सगळ्या आनंदात भिंगरी लंगडायला लागली.

आधी थोडी, मग चांगलीच. उजवा पाय जपून टाकायची. घरात असताना ठीक, बालवाडीला निघाली की लंगडी. आजीचा धीर सुटला. "विष पायावर गेलं हो!" ती म्हणाली आणि कधी नव्हे ती रडली. आजोबा बाहेर जाऊन वेगळ्या बादलीशेजारी उभे राहिले. रडू त्यांनाही येत होतं, पण दारात लोक खुर्च्या टाकून बसले होते. सुनेने ठरवलं, उद्या सकाळी बालवाडीत न सोडता हिला थेट डॉक्टरांकडे न्यायचं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. नातीसाठी आजोबांनी सगळं बदललं, पण स्वतःचं एक सोडून. नोझल अडकलं की ते अजूनही तोंडानेच फुंकायचे. बाईंनी सांगितलं होतं, घरात सगळ्यांनी सांगितलं होतं. आजोबा हो हो म्हणायचे. शेडमध्ये कोण बघायला येतंय? आणि ट्रॅक्टरवाल्याला दिलेलं उत्तर त्यांनी स्वतःलाही देऊन टाकलं होतं: माझी वाढ झाली ती झाली.

त्या सकाळी ते शेडच्या दाराशी स्टुलावर बसून पंप जोडत होते. पलीकडे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे रस्ता. सून भिंगरीला हाताला धरून निघाली होती. नोझल अडकलं. आजोबांनी ते काढलं, ओठांत धरलं, गाल फुगवले.

रस्त्यावर लंगडणारी पावलं थांबली.

भिंगरी आजोबांकडे टक लावून बघत होती. त्यांच्या तोंडातल्या चकचकीत पितळेकडे. मग ती मटकन खाली बसली, उजव्या पायातला कापडी बूट काढला, आत बोटं घालून लाल दोरा ओढला, आणि दोऱ्यामागून शिट्टी निघाली. टाचेखाली घट्ट दाबून ठेवलेली. एवढे दिवस घर जी काळजी करत होतं ती काळजी पोरगी रोज बुटात घालून मिरवत होती!

सुनेला हसू फुटलं आणि त्यातच रडूही. पण भिंगरीने शिट्टी सरळ तोंडात घातली, तसे आजोबा ताडकन उठले.

"काढ! काढ ते तोंडातून!" हे ते ओरडले खरं, पण नोझल दातांत असल्यामुळे त्यातून शब्दांऐवजी शीळच जास्त निघाली.

भिंगरीने शिट्टी काढली. कुंपणाजवळ आली. आजोबांकडे बोट केलं आणि अगदी आजीच्या आवाजात म्हणाली,

"आधी तू."

आजोबांना आधी संतापच आला. एवढीशी पोर, उलट बोलते! मग सुनेची किंकाळी कानावर पडली. "बाबा, अहो बाबा! दोन शब्द! जोडून बोलली ती!"

ट्रॅक्टरवाला, त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे, इतक्या दारांतून आजोबा सांगत फिरले होते, आणि वस्तीत शिट्टी तोंडात असलेलं शेवटचं पोर ते स्वतःच होते. हे बालवाडीच्या बाईंना पटवता आलं नव्हतं, आजीला तर नाहीच. आता ते पटवलं होतं तिने, जिचं बोलणं ऐकायला घर कानात प्राण आणून बसलं होतं.

त्यांनी नोझल तोंडातून काढलं. शेडमधून झाकणाचा डबा आणला आणि कुंपणाजवळ जमिनीवर ठेवला. भिंगरी शिट्टी मुठीत धरून वाट बघत होती. तिला घाई नव्हती.

आजोबांचं नोझल खणकन डब्यात पडलं. मग तिची शिट्टी.

मग दोघं नळावर गेले. आजोबांनी हात कोपरापर्यंत धुतले, चुळा भरल्या, आणि भिंगरीने एका पायात बूट घालून शेजारी उभं राहून, त्या नीट भरल्या की नाही ते पाहिलं.